तिसरं चंचुपात्र

टेबलावर तीन चंचुपात्रं होती. पहिल्यात वीस अंशांचं पाणी, दुसऱ्यात तेवढंच पाणी, पण चाळीस अंशांचं. तिसरं रिकामं. समोर बत्तीस मुलं. शेवटच्या बाकावर दोन मोठी माणसं: गुडघे कसेबसे आत कोंबून बसलेले पर्यवेक्षक आणि त्यांच्या शेजारी गणिताच्या बाई.

"ही दोन्ही पाणी तिसऱ्यात ओतली," विज्ञानाच्या नव्या शिक्षिकेने विचारलं, "तर थर्मामीटर किती दाखवेल?"

एकूणएक हात वर गेला.

कालपर्यंत असे हात बघून तिला बरं वाटायचं. काल मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता गणिताच्या बाईंनी त्यावर पाणी फिरवलं. "तुझा वर्ग फार हुशार आहे गं," त्या म्हणाल्या. "फळ्याकडे बघतच नाही. तुझ्या तोंडाकडे बघतो. बरोबर उत्तर जवळ आलं की तुझी डावी भुवई वर जाते. माझीही जायची. सवय मोडायला चार वर्षं गेली." रात्री ती आरशासमोर भुवई दाबून उभी राहिली. आईने दारातून विचारलं, "काही दुखतंय का?"

आजचा तास पर्यवेक्षकांना पटला तर नोकरी कायम. नाहीतर सुट्टी लागेपर्यंतच. आधीच्या दोन शाळांनी "कळवतो" म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. आईने आता तो विषय काढणंच सोडलं होतं, आणि तेच जास्त जड जात होतं.

"तू सांग," तिने पुढच्या बाकावरच्या मुलाला म्हटलं. त्याला सगळे वकील म्हणत. तो कधी हरलेला कोणी पाहिला नव्हता.

वकील उठला. "साठ," तो म्हणाला आणि त्याने तिच्याकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. "साठ कसे होतील? पन्नास. म्हणजे चाळीस..." अंधारात जिना उतरावा तसा तो पाय चाचपत खाली येत होता. "पस्तीस... तीस."

भुवई वर गेली. गेली हे तिला कळलंसुद्धा.

"तीस," वकील ठासून म्हणाला, आणि मागून वर्ग म्हणाला, "तीस, तीस."

"वा," पर्यवेक्षक म्हणाले. "चुकत का होईना, स्वतःच पोचला." गणिताच्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

आता फळ्यावर तीस लिहायचं, ओतून दाखवायचं, की तास संपला. तिने खडू उचललाही. यातल्या किती जणांना खरंच कळलंय, हे तिला माहीत नव्हतं. आणि ते माहीत नसण्याबद्दलच तिला नोकरी मिळणार होती.

"पाट्या काढा," ती म्हणाली. "शेजाऱ्याचं बघायचं नाही. माझ्याकडे तर मुळीच नाही."

ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. इतकी जवळ, की नाकाला खडूचा वास येत होता. "दहा अंशांचं पाणी आणि तेवढंच तीस अंशांचं. एकत्र केलं. किती?"

मागे बाकं करकरली.

"बाई, इकडे बघा ना," कोणीतरी म्हणालं.

"बाई रुसल्या," दुसरं कोणीतरी कुजबुजलं. थोडं हसू, मग पाटीवर पेन्सिल घासल्याचे आवाज. तेही तुटक.

ती वळली. वर धरलेल्या पाट्यांपैकी सोळांवर चाळीस होते. नवांवर तीस होते, कारण मघाशी तीस चाललं होतं. वीस लिहिणारे सहा. वकिलाने तीन आकडे लिहून तिन्ही खोडले होते.

पर्यवेक्षकांचं हसू गेलं होतं. "बाई, आत्ता तर येत होतं यांना."

"यांना नव्हतं येत, सर," ती म्हणाली. "मला येत होतं."

पर्यवेक्षकांनी घड्याळ बघितलं. गणिताच्या बाई आता खिडकीबाहेर बघत नव्हत्या.

ती बाकांमधून चालत गेली आणि वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिथून तिला मुलांच्या फक्त पाठी दिसत होत्या. "पुढे येऊन कोण ओतणार?"

वकील उठला नाही. बऱ्याच वेळाने कोपऱ्यातली मुंगी उठली. हे तिचं वर्गातलं नाव. ती इतकं हळू बोलायची, की हजेरी घेताना तिचे ओठ हलले का ते बघावं लागायचं.

मुंगीने दोन्ही पाणी तिसऱ्या चंचुपात्रात ओतली. एवढ्या वेळात गरम पाणी जरासं निवलं होतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तिने ढवळलं, थर्मामीटर बुडवला आणि गुडघ्यांवर बसली. डोळे लाल रेघेच्या पातळीला आणले. रेघ सरकत होती तोवर ती थांबली.

"तीस म्हण," वकील पुटपुटला. "तीस, तीस."

"एकोणतीस," मुंगी म्हणाली.

वर्ग खुसखुसला. पर्यवेक्षक बाकातून सुटून पुढे आले. आवाजात माया होती. त्यांनाही तास नीट संपायला हवा होता. "तीसच असेल, बाळ. नीट बघ. तीस ना?"

मुंगीने त्यांच्याकडे बघितलं नाही. मागे भिंतीकडेही नाही. तिने वाकून रेघ पुन्हा वाचली.

"एकोणतीस."