लाल ठिपका

"श्रीपतराव, आवरा की! माणसं खोळंबलीत," दस्तगीर ड्रायव्हर ओरडला. दसऱ्याला गावी निघालेली माणसं घेऊन त्याला घाट उतरायचा होता.

जुना टायमिंग बेल्ट काढण्याआधी श्रीपतीने काल व्हॅनच्या इंजिनाच्या दातेरी चाकावर बायकोच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. डिझेलने धुतला तरी न निघणारा. आज त्याने लाल ठिपक्यावर अंगठा टेकवून चाक फिरवलं, ठिपका इंजिनावरच्या खुणेसमोर आणला आणि नवा बेल्ट चढवला. एक दाता चुकला तरी इंजिन चालता चालता जाम होतं, म्हणून एरवी तो ते हाताने दोन फेरे फिरवून बघायचा. आज तेवढी उसंत नव्हती.

व्हॅन सुरू झाली. आवाज जरा कडक वाटला.

"नवा पट्टा आहे, रुळेल," तो म्हणाला. माहेरी निघालेल्या बायकोने पुढच्या सीटवरून हात हलवला.

धूळ बसल्यावर तो पाने-पकडी भिंतीवर टांगू लागला. प्रत्येकावर कुंकवाचं बोट होतं. काल खंडेनवमीला तिने अख्ख्या गॅरेजची पूजा केली होती, उघड्या इंजिनासकट.

त्याने ठिपक्यावर टेकवलेला अंगठा पाहिला. लालभडक. चिंधीला पुसला, तर रंग सहज निघाला.

व्हॅन एव्हाना घाटाला लागली असेल.