गुरूची पारख

लग्न नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, नवरदेवाच्या मखमली खुर्चीत कराटेचे मास्तर बसले होते, बाजूला त्यांचे शिष्य उभे होते. कुंदाताईंनी चपला दाराबाहेर काढल्या, नारळ आणि पेढे पुढे ठेवून वाकून नमस्कार केला. गेल्या आठवड्यात एका चोरट्याने भररस्त्यात त्यांच्या मंगळसूत्राला हात घातला होता. मंगळसूत्र वाचलं, पण तेव्हापासून एकटीनं फिरायला जायची छाती होत नव्हती.

"आमची विद्या थेट हिमालयातली," मास्तर म्हणाले. "गल्लीच्या गल्ली लोळवलीय मी."

"भाग्य आमचं! पण गुरू पारखून करावा, असं आमचे वडील सांगायचे. मी तुमचा हात धरते. सोडवून दाखवता का?"

मास्तर हसत उठले. ताईंनी त्यांचं मनगट धरलं.

"असं नाही, उजवा धरा. अंगठा वर. जरा सैल. आणि ओढायचं नाही हं!"

ताईंनी सगळं ऐकलं. मास्तरांनी "हाऽ!" करून हात सोडवला आणि शिष्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ताईंनी, त्या चोरट्यासारखंच, न विचारता त्यांची गळपट्टी धरून हिसका दिला. मास्तर धाडकन खुर्चीत बसले.

"अहो, असं कुणी धरतं का?"

ताईंनी पुन्हा वाकून नमस्कार केला.

"चुकलंच माझं, मास्तर. आमच्या भागातल्या चोरांना आधी तुमच्याकडे पाठवते. ते नीट धरायला शिकले, की मी लगेच नाव घालते."