२४१६

त्या चिमुकल्या बेटदेशात सहाशे चौदा फोन होते. क्रमांक चार आकडी, आणि एकही सातने सुरू होत नव्हता. म्हणूनच इंजिनिअर अन्विताने सगळ्यांचे नवे, लांब क्रमांक सातने सुरू केले.

“जुने आजपासून बंद,” टेलिफोन कचेरीत साहेबांनी जाहीर केलं.

लुसियाआजी अन्विताच्या काउंटरसमोरून हलेना. “पोरी, मुलगा नऊ वर्षांपूर्वी भांडून जहाजावर गेला. त्याला २४१६ एवढाच पाठ आहे. तो मला कुठं शोधेल?”

“आजी, नव्याशी गल्लत होणारच नाही. तुमचा जुनाही चालू ठेवते.”

“एका म्हातारीसाठी?” साहेब फणकारले.

“म्हातारी ऐकतेय हां!”

अन्विताने तोवर एक्स्चेंजमध्ये जुना क्रमांक जोडलाही होता.

पुढच्या अकरा महिन्यांत २४१६ वर एकच कॉल आला. तो बावन्न मिनिटं चालला.