वाळूतली पोटुशी

किहीमच्या वाळूत मला अखेर अँफिऑक्ससची अंड्यांनी भरलेली मादी सापडली. उत्क्रांतीत माशांच्याही आधीचा हा करंगळीएवढा जीव. आईच्या अंगातली चरबी अंड्यांपर्यंत पोचवणारा जीन त्याच्यात कसा चालतो, यावर माझा प्रबंध, बाळंतपणात अडकलेला. उद्या मादी चिरून तपासायची, हे बाळाला पाजता पाजता सासूबाईंनाही सांगितलं.

सकाळी बघते तर मादी ठेवलेली बादली रिकामी.

"आई, मादी कुठेय?"

"समुद्रात सोडून आले. पोटुशीला कुनी कापतं व्हय?"

"आणि परवा माशाच्या अंड्यांची गाबोळी मिटक्या मारत खाल्लीत ती?"

"ती बाजारातली. ही आपल्या घरी र्‍हायली. माहेरवाशीणच की गं!"



आज दुसरी मादी आणली आणि सासूबाईंना सांगितलं, "हा नर आहे". त्यांनी लगेच विळी काढून दिली.