कपाळावरची पट्टी

शेवंताने बाटल्या तपासताना लावायची कंपनीची कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली आणि सुपरवायझर बोभाट्यांच्या टेबलावर आपटली.

"अहो, हिच्यामुळं मन भरकटत नाही. महिनाभरात तुमच्या नजरेतून एकही फुटकी बाटली सुटली नाही," ते म्हणाले.

"लेक सुटली ना! काल शाळा अर्धाच दिवस होती. सकाळी माहीत होतं मला. इथं ही लावून बसल्यावर एकदाही मनात आलं नाही. पोर सहापर्यंत शाळेच्या फाटकापाशी बसून राहिली."

"मोबाइलवर गजर लावायचा."

"मोबाइल तुम्हीच काढून घेता! ती विचारते, आई, तुला माझी आठवण नाही आली? काय सांगू?"

बोभाट्यांनी समाधानानं मान हलवली. "म्हणजे पट्टी उत्तम चालतेय."

शेवंताने ती उचलून त्यांच्या कपाळावर दाबली. "मग लावा की! आणि आधी पोरांना सांगून या, बाबाची वाट बघू नका म्हणून."