काळी स्क्रीन

आठवडाभर फोनवरून बटणं दाबायला लावून लेक मेटाकुटीला आली होती. बाबांचं एकच पालुपद: “पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळीच.” जुनाट लॅपटॉप, स्क्रीनच गेली असणार, असं ठरवून तिने खटपटीने दुसरी मिळवली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन थेट माहेर गाठलं. टेबलावरचा दिवा भरदिवसा चालू होता. “ट्यूबही मिणमिणते हल्ली, सगळ्याच वस्तू म्हाताऱ्या झाल्यात,” बाबा कुरकुरले. “आपण दोघं सोडून,” ती हसली. स्क्रू काढण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून तिने बटण दाबलं. पंखा घरघरला आणि स्क्रीन लख्ख उजळली. आईच्या फोटोसकट सगळं जागच्या जागी. “अहो बाबा, हा तर...” ती वळली. बाबा स्क्रीनला नाक लावून बसले होते. त्यांच्या चष्म्याच्या काचांत आई हसत होती. “बघ, म्हणत होतो ना? काळीच,” ते म्हणाले. “आता कुठलं बटण दाबू?”