कॉम्प्युटरचा पहारा

कॉम्प्युटर परत बंद! स्वप्नालीनं खांद्यावरची बॅग खुर्चीत आपटली. आठवड्यातली ही तिसरी खेप. तिनं चिकटवलेली ‘बंद करू नये’ ही चिठ्ठीसुद्धा नीट घडी घालून टेबलावर ठेवलेली. म्हणजे वाचून बंद केला होता!

“आबा, अहो या कॉम्प्युटरनं तुमचं काय घोडं मारलंय?”

सोपानराव, तिचे सासरे, नुकतेच देवळातून आले होते. सांगवीत सप्ताह बसला होता. कपाळावरचा बुक्का अजून ताजा. “घरात कोण नव्हतं. म्हून बंद केला.”

“कोणी नसतं तेव्हाच तर तो काम करतो!”

कितव्यांदा सांगायचं? तिचा धाकटा भाऊ प्रज्वल. त्याचे स्नायू दिवसेंदिवस दुबळे होत चाललेले आणि आजारावर औषधच नाही. ते शोधणाऱ्यांनी आपलं अफाट गणित हजारो घरांतल्या कॉम्प्युटरना तुकड्या-तुकड्यानं वाटून दिलं होतं. त्यातला एक तुकडा स्वप्नालीकडे. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पुरा झाला नाही, तर तो काढून दुसऱ्याला देणार. आधीचे दोन असेच गेले. चाकणची शिफ्ट सांभाळून भावासाठी तिला एवढंच जमत होतं, आणि तेवढंही हा माणूस होऊ देत नव्हता.

“वीज जळते म्हणून का?”

“न्हाई.”

“आवाज होतो?”

“न्हाई गं.”

तिनं कपाळाला हात लावला. मग एकेक शब्द तोलत म्हणाली, “आबा, सप्ताहात वीणा कधी खाली ठेवतात का हो? एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात. ही माझी वीणा आहे. माझ्या भावाच्या नावाची. ती तुम्ही रोज भुईवर ठेवून जाता.”

सोपानराव चरकले. त्यांनी दोन्ही कान धरले आणि ते आत गेले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आबांना चार फोन केले. एकही उचलला नाही. बंद करून गेले असणार सप्ताहाच्या काल्याला! दुपारी बसमधून उतरते तो देवळापाशी शेजारच्या दुर्गाबाई.

“सोपानराव आजारी हाईत व्हय गं? काल्याच्या कीर्तनाला आलं न्हाईत. चाळीस वर्सांत पयल्यांदा.”

स्वप्नाली धावतच घरी पोचली.

कॉम्प्युटर चालू होता. शहाण्णव टक्के. समोर स्टुलावर सोपानराव, पाठ ताठ. सकाळचं ताट स्वयंपाकघरात झाकलेलं तसंच. फोन आतल्या खोलीत.

“अहो आबा! चालू ठेवून जायचं होतं की काल्याला. तो आपला आपण चालतो!”

सोपानरावांनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

“भोसरीत पत्रा कापायच्या प्रेसवर चौतीस वर्सं काढली मी. चालू मशीन सोडून एकदाच उठलो, पोरी. पाणी प्यायला. माझ्या जोडीच्या दादासाहेबाची तीन बोटं गेली.”